फॅक्स पोचला का? कार्यालयीन फॅक्स सर्व्हरचा आढावा

२१ नोव्हेंबर २०१८. ईद-ए-मिलादची सुट्टी. जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेचा दावा करणारे पत्र मेहबूबा मुफ्ती त्या संध्याकाळी राजभवनाला फॅक्सने पाठवू पाहत होत्या आणि फॅक्स लागत नाही असे त्यांनी ट्विटरवर लिहिले. त्याच रात्री राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा विसर्जित केली. सुट्टीमुळे फॅक्सपाशी कोणी नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले. या घटनेच्या राजकीय बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिची कचेरीची बाजू अस्वस्थ करते. एक यंत्र, एक टेलिफोन लाइन आणि यंत्रापाशी उभा राहणारा एक माणूस, एवढ्यावर राज्याच्या सर्वोच्च कार्यालयाचा तातडीचा टपालव्यवहार चालला होता. ही अडचण दूर करणारी व्यवस्था तोवर पंचवीस वर्षांहून अधिक काळ बाजारात होती. तिचे नाव फॅक्स सर्व्हर.

नव्वदच्या दशकात ज्यांनी नोकरी केली त्यांना "टोन द्या" हे दोन शब्द आठवतील. गल्लोगल्ली एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या पाटीखाली 'झेरॉक्स, फॅक्स' लिहिलेले असे. ऑफिसातला फॅक्स साहेबांच्या केबिनबाहेर, स्टेनोच्या टेबलाशेजारी. पाठवायचा तर आधी फोन करायचा, "फॅक्स पाठवतोय, टोन द्या" म्हणायचे, पलीकडच्याने बटण दाबले की शिटी ऐकू यायची आणि मग कागद आत सरकू लागायचा. तालुक्याच्या वार्ताहरांनी हाताने लिहिलेल्या बातम्या याच वाटेने पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत येत. येणारा मजकूर चकचकीत थर्मल कागदावर उमटे आणि वर्षा-दोन वर्षांत अक्षरे उडून जात, म्हणून महत्त्वाच्या फॅक्सची लगेच झेरॉक्स काढून ती फायलीला लावायचा शिरस्ता होता. मी तेव्हा ज्या कचेरीत होतो तिथे एका निविदेतल्या दुरुस्तीचे पान रात्री आले, दुसऱ्या कोणाच्या चार पानांना चिकटून भलत्याच विभागात गेले आणि आम्हाला मिळाले तेव्हा मुदत उलटून गेली होती. पाठवणाऱ्याकडे 'ओके' छापलेली पावती होती. त्याचेही खरे होते आणि आमचेही.

फॅक्स सर्व्हरने हा तिढा कसा सोडवला ते पाहण्यासाठी टेबलावर बसलेल्या माणसापासून सुरुवात करू. तो पत्र लिहितो आणि प्रिंटची आज्ञा देतो. प्रिंटरांच्या यादीत 'फॅक्स' नावाचा एक प्रिंटर असतो. तो निवडला की कागद छापला जात नाही, एक खिडकी उघडते, तिथे नंबर टाकायचा किंवा पत्त्यांच्या वहीतून नाव निवडायचे. पानांचे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत चित्र होते, त्याला मुखपृष्ठ जोडले जाते आणि ते सर्व्हरच्या रांगेत जाऊन बसते. सर्व्हर डायल करतो, एंगेज लागला तर थांबून पुन्हा करतो आणि शेवटी पाठवणाऱ्याला ईमेल धाडतो: इतकी पाने, या नंबरावर, अमुक वाजता गेली, किंवा या कारणाने गेली नाहीत. दुसरी रीत आणखी सोपी. फॅक्स नंबर घातलेल्या एका ठरावीक पत्त्यावर ईमेल करायची आणि तिला फाइल जोडायची.

येणाऱ्या फॅक्सचा प्रश्न अवघड होता. कारण फॅक्सच्या पानावर 'देशपांडे, खरेदी विभाग' लिहिलेले माणूस वाचतो, यंत्राला ते वाचता येत नाही. सर्वांत भरवशाचा उपाय टेलिफोन एक्स्चेंजकडून आला. ज्या मोठ्या लाइनवर भारतात एकाच वेळी तीस कॉल चालतात, त्या पीआरआय लाइनबरोबर शंभर किंवा अधिक नंबरांचा संच मिळतो. कॉल आला की कोणता नंबर डायल झाला हे एक्स्चेंज आधी कळवते. म्हणून प्रत्येकाला स्वतःचा फॅक्स नंबर देता येतो आणि आलेले पान थेट त्याच्याच मेलबॉक्सात पडते. जिथे ही सोय नसते तिथे लाइनप्रमाणे वाटणी होते किंवा एखादी कारकून बाई पडद्यावर पाने पाहून वाटते. माझ्या मते फॅक्स सर्व्हरची खरी कमाई याच ठिकाणी आहे. कागद वाचला, फेऱ्या वाचल्या हे खरे, पण पान कोणाचे आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे आता पान यायच्या आधीच ठरलेले असते.

आता आतली यंत्रणा. फॅक्सची कल्पना टेलिफोनपेक्षा जुनी आहे. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेनने १८४३ मध्ये पेटंट घेतले आणि इटलीच्या जोवान्नी कासेल्लीच्या यंत्राने १८६५ मध्ये पॅरिस-लियाँ अशी जाहीर सेवा चालली. कचेऱ्यांत मात्र फॅक्स रुजला तो १९८० साली सीसीआयटीटी, म्हणजे आजची आयटीयू-टी, या संस्थेने 'ग्रुप ३' मानक ठरवले त्यानंतर. त्यानुसार पानाच्या एका आडव्या ओळीत १,७२८ ठिपके असतात. साध्या दर्जात ए-फोर पानाच्या साधारण साडेअकराशे ओळी होतात. म्हणजे पानाला सुमारे वीस लाख ठिपके. सेकंदाला ९,६०० ठिपके पाठवले तर एकच पान साडेतीन मिनिटे खाईल. पण कागदाचा बहुतेक भाग कोरा असतो, म्हणून 'सलग इतके पांढरे, मग इतके काळे' अशा मोजणीला लहान संकेत देऊन मजकूर आटवला जातो आणि पान मिनिटाच्या आत निघते.

दोन यंत्रांचे संभाषण टी.३० नावाच्या नियमाने चालते. बोलावणारे यंत्र ११०० हर्ट्झची शिटी देते, उत्तर देणारे २१०० हर्ट्झची. मग उत्तर देणारे आपली कुवत सांगते, बोलावणारे वेग ठरवून चाचणीचे ठिपके पाठवते, ते नीट मिळाले तर होकार येतो, नाहीतर वेग १४,४०० वरून १२,०००, ९,६०० असा उतरत जातो. पान संपल्यावर पलीकडून 'मिळाले' असा संकेत येतो. आपण ज्याला पावती म्हणतो ती या संकेताची नोंद. तिचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. पलीकडच्या यंत्राने पान स्वीकारले, एवढेच ती सांगते. ते यंत्र कोणाचे, हे ती सिद्ध करत नाही, कारण पावतीवर दिसणारा पलीकडचा नंबर त्या यंत्राच्या मालकाने स्वतः टाइप केलेला असतो. माणसाने पान पाहिले की नाही, हे तर तिला कळण्याची सोयच नाही. आपल्या त्या निविदेच्या पानाची 'ओके' पावती म्हणूनच खरी असूनही आमच्या कामाची नव्हती. सर्व्हर ही उणीव दोन्ही टोकांनी भरून काढतो. तो पाठवणाऱ्याचे नाव आणि पानाचे चित्र पावतीबरोबर जपतो, आणि घेणाऱ्या बाजूला पान कोणाच्या मेलबॉक्सात कधी गेले ते नोंदवून ठेवतो.

संगणकातून थेट फॅक्स पाठवणारे गॅमाफॅक्स हे कार्ड १९८५ मध्ये आले. पुढे घरोघरी मोडेम झाले आणि टोरांटोच्या डेलरिना कंपनीच्या विनफॅक्सने एकट्या संगणकाला फॅक्स यंत्र बनवले. ही कंपनी १९९५ मध्ये सिमँटेकने घेतली. पण प्रत्येक टेबलाला मोडेम आणि प्रत्येक मोडेमला लाइन हे मोठ्या कचेरीला परवडत नाही. तिथे एका खोलीत एक संगणक, त्यात ब्रुकट्राउटसारख्या कंपन्यांची अनेक लाइनी सांभाळणारी कार्डे आणि बाकी सगळे नेटवर्कवरून त्याला जोडलेले, ही मांडणी टिकली. व्यापारी बाजूला टूसॉनच्या राइटफॅक्सने मोठ्या बँका आणि रुग्णालयांत जम बसवला. हातोहात फिरत ते कॅप्टारिसकडे आणि २००८ मध्ये ओपनटेक्स्टकडे गेले, आजही चालू आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये फॅक्स सेवा दिली, पण ती सर्वांना वाटून घेता येण्याची सोय खऱ्या अर्थाने स्मॉल बिझनेस सर्व्हर आणि सर्व्हर २००३ मध्ये आली. लहान कचेरीला ती पुरते, मोठ्या कामाला ती तोकडी पडते.

मला या सगळ्यांत जवळचे वाटते ते हायलाफॅक्स. सॅम लेफ्लर या प्रोग्रामरने नव्वदच्या आसपास ते फ्लेक्सफॅक्स या नावाने लिहायला घेतले. ते नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कमध्ये अडकल्यामुळे 'हायला' या झाडावरच्या बेडकाच्या वंशाचे नाव मिळाले. बर्कली युनिक्सच्या घडणीत हात असलेल्या याच माणसाने टिफ चित्रे वाचण्या-लिहिण्याचा लिबटिफ हा संच लिहिला, जो आज असंख्य प्रोग्रामांच्या पोटात आहे. हायलाफॅक्स फुकट, उघडे आणि चिवट. एक भाग रांग सांभाळतो, एक मोडेमशी बोलतो, एक नेटवर्कवरून येणाऱ्या मागण्या घेतो. विंडोजच्या टेबलासाठी डब्ल्यूएचएफसी किंवा यजएचएफसीसारखे छोटे प्रोग्राम मिळतात. जुन्या संगणकावर लिनक्स आणि दोन मोडेम टाकून तीस-चाळीस माणसांची कचेरी त्यावर निवांत चालते. पण लॉग वाचायची तयारी असलेला एक माणूस लागतो, आणि तो मिळणार नसेल तर तयार विकतचे उत्पादन घ्यावे.

किती लाइनी घ्याव्यात, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी अंदाजाने सुटतो आणि चुकतो. समजा दिवसाला ३०० फॅक्स येतात, प्रत्येकाला जोडणीसकट अडीच मिनिटे लागतात आणि गर्दीच्या तासात त्यातले ६० येतात. म्हणजे त्या तासात १५० मिनिटांचे काम, सरासरी अडीच लाइनी व्यग्र. तीन लाइनी पुरतील असे कोणालाही वाटेल. पण फॅक्स रांगेत शिस्तीने येत नाहीत. डेन्मार्कच्या एर्लांगने १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्रात हे आकडे घातले तर तीन लाइनींवर शंभरातले अठ्ठावीस कॉल एंगेज ऐकतील. हे प्रमाण एकावर आणायला सात लाइनी लागतात. मार्चअखेर, निविदेची मुदत, निकालाचा दिवस अशा वेळी कचेऱ्यांचे फॅक्स का लागत नसत, याचे उत्तर या गणितात आहे.

मराठी कचेरीच्या दृष्टीने एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रत्येक संचाची आपापली अक्षरसंकेतांची रीत होती. एकाने टाइप केलेले मराठी पत्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की पडद्यावर अगम्य चिन्हे. फॅक्सला याची अडचण नव्हती, कारण तो अक्षर पाठवत नाही, अक्षराचे चित्र पाठवतो. फॅक्स सर्व्हरच्या प्रिंटरातून गेलेले मराठी पत्र कोणत्याही फाँटात असो, पलीकडे जसेच्या तसे उमटे. मात्र साध्या दर्जात उभ्या दिशेने मिलिमीटरला चारपेक्षाही कमी ओळी असतात. इंग्रजीला त्या चालतात. आपले रफार, उकार, जोडाक्षरे त्यात बुजतात, 'कर्म' आणि 'कम' यांत फरक उरत नाही. म्हणून मराठी मजकूर पाठवणाऱ्या सर्व्हरवर 'फाइन' दर्जा कायमचा लावून ठेवावा. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण एका आकड्याची किंवा आडनावाची चूक त्याहून महाग पडते.

आजच्या बहुतेक तक्रारी मात्र वेगळ्याच जागी उगवतात. कचेरीने तांब्याची लाइन सोडून इंटरनेटवरचा फोन घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून फॅक्स अर्धवट तुटू लागला, ही कथा मी अनेकांकडून ऐकली आहे. कारण सरळ आहे. इंटरनेट फोनमधले जी.७२९ तंत्र आवाज दाबून सेकंदाला ८,००० बिटांत बसवते. कानाला न जाणवणारा भाग ते टाकून देते. फॅक्सच्या शिट्यांत १४,४०० बिटांची माहिती असते, ती ८,००० च्या नळीतून जाणार कशी? जी.७११ ची नळी ६४,००० ची असते, तिच्यातून फॅक्स जातो, पण वाटेत आवाजाचा वीस मिलिसेकंदांचा एखादा तुकडा हरवला तर बोलणाऱ्याला कळतही नाही आणि मोडेमचा ताल मात्र सुटतो. दोन टोकांची घड्याळे किंचित वेगळ्या गतीने चालत असली तर एका पानाचा फॅक्स जातो आणि वीस पानांचा पंधराव्या पानावर मरतो. तक्रारीत 'लहान जातात, मोठे जात नाहीत' असे वाक्य दिसले की आधी हे तपासावे.

यावर १९९८ मध्ये दोन मानके आली. टी.३७ म्हणजे फॅक्सचे चित्र ईमेलला जोडून पाठवणे. टी.३८ म्हणजे शिट्या इंटरनेटवरून पाठवायच्याच नाहीत, त्यांतली माहिती काढून पॅकेटांत घालायची, प्रत्येक पॅकेटाबरोबर आधीच्याची नक्कलही जोडायची आणि पलीकडे पुन्हा शिट्या बनवायच्या. हे तंत्र चांगले आहे. अट एवढीच की तुमचा सर्व्हर, तुमची फोन कंपनी आणि तिच्यापुढची कंपनी या सर्वांना ते यायला हवे. करार करताना 'आम्ही टी.३८ देतो' या वाक्यावर विसंबू नये, वीस पानांचा फॅक्स परदेशी नंबरावर पाठवून पाहावा. मूळ टी.३८ मध्ये ३३,६०० चा जलद वेग नव्हता, त्यामुळे तो वेग सर्व्हरवर बंद करून १४,४०० वर बांधला की पुष्कळ दुखणी तिथेच थांबतात. टी.३८ मुळे कार्डांची गरजही संपली. डायलॉजिकचे एसआर१४० किंवा स्टीव्ह अंडरवूड यांचे खुले स्पॅनडीएसपी हे निव्वळ सॉफ्टवेअर आहे, आजचा फॅक्स सर्व्हर आभासी यंत्रावर चालतो.

सुरक्षेबाबत दोन धोके सांगायला हवेत. फॅक्स ईमेलपेक्षा सुरक्षित आहे म्हणणाऱ्यांनी एका मोठ्या कॅनेडियन बँकेची हकीकत आठवावी. २००१ ते २००४ या काळात तिच्या ग्राहकांची माहिती असलेले फॅक्स चुकीच्या नंबरामुळे अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या एका भंगारवाल्याकडे जात राहिले. हाताने डायल करण्याचा हा धोका आहे. पत्त्यांची वही सक्तीची करणारा आणि नव्या नंबराला दुसऱ्याची संमती मागणारा सर्व्हर तो बराच कमी करतो. दुसरीकडे, २०१८ मध्ये चेक पॉइंट कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की एचपीच्या फॅक्सयुक्त प्रिंटरला खास बनवलेला रंगीत फॅक्स पाठवून त्यामार्गे कचेरीच्या नेटवर्कात शिरता येते. एचपीने दुरुस्ती दिली. त्यातून घ्यायचे ते असे की फॅक्सची लाइन हेही नेटवर्कचे दार आहे आणि फॅक्स सर्व्हरला इतर सर्व्हरांइतक्याच नियमाने अद्ययावत ठेवायला हवे.

मग हे सगळे अजून हवेच कशाला? इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २०१८ मध्ये जवळजवळ ९,००० फॅक्स यंत्रे सापडली. जानेवारी २०१९ पासून नवी खरेदी बंद आणि मार्च २०२० अखेर सगळी हद्दपार, असा हुकूम निघाला. अमेरिकेत २०१८ मध्येच सीमा वर्मा या अधिकाऱ्यांनी २०२० पर्यंत डॉक्टरांचे दवाखाने फॅक्समुक्त करण्याची हाक दिली, ती पुरी झाली नाही. अमेरिकी दवाखान्यांच्या बिलांचे आणि विम्याच्या दाव्यांचे काम पुण्यात, नवी मुंबईत बसून करणाऱ्या तरुणांच्या पडद्यावर आजही फॅक्सची पाने उतरतात, आणि ती सर्व्हरमधूनच येतात. जपानमध्ये २०२१ साली मंत्री तारो कोनो यांनी सरकारी खात्यांतला फॅक्स बंद करायचे ठरवले आणि खात्यांच्या शेकडो हरकतींनंतर माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी जर्मनीत ब्रेमेनच्या माहिती-संरक्षण कार्यालयाने वैयक्तिक माहितीसाठी फॅक्स योग्य नाही असे सांगितले. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोनचे जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायचे आहे. या बहुतेक बंदींचा रोख कोपऱ्यातल्या यंत्रावर आहे आणि तो योग्यच आहे. दोन संस्थांमध्ये दुसरी समान व्यवस्था तयार नसेल तिथे मात्र यंत्र हलवून सर्व्हर बसवणे हा प्रामाणिक मधला मार्ग आहे. दिवसाला पाच-दहा फॅक्स असतील तर भाड्याने मिळणारी ऑनलाइन सेवा घ्यावी, पण पाने कोणत्या देशात साठतात आणि किती दिवस, हे लेखी विचारावे. दिवसाला शेकडो असतील, किंवा रुग्णांची, खातेदारांची माहिती असेल, तर सर्व्हर स्वतःचा हवा.

आपल्याकडे कायद्याची बाजू अजून जिवंत आहे. एसआयएल इम्पोर्ट विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चेक न वटल्याची नोटीस फॅक्सने दिली तरी ती नोटीसच, असे मानले. पुढे काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तक्रारदाराने फॅक्सनंतर तीच नोटीस रजिस्टर पोस्टानेही पाठवली होती आणि मुदत पोस्टापासून मोजली होती. न्यायालयाने ती फॅक्स पोचला त्या दिवसापासून मोजली आणि त्याची तक्रार मुदतबाह्य ठरली. सर्व्हरमध्ये साठलेला फॅक्स हा इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याची छापील प्रत न्यायालयात द्यायची तर प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते प्रमाणपत्र देणाऱ्याला नोंदी धड ठेवलेल्या असाव्या लागतात.

अनेक कंपन्यांच्या, संस्थांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या लेटरहेडवर आजही फॅक्स नंबर छापलेला असतो. तुमच्या लेटरहेडवर तो असेल तर आज बाहेरच्या फोनवरून तो लावून पाहा. शिटी ऐकू आली तर आलेले पान कोणाच्या मेलबॉक्सात पडते ते विचारा. घंटा नुसतीच वाजत राहिली, तर पुढच्या छपाईआधी तो नंबर काढून टाका.